शब्दचर्चा : 'जर्नीमन' फुटबॉलपटूला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

टोनी कॅस्करिनो या आयर्लंडच्या जुन्या फुटबॉलपटूवरचा एक इंग्रजी लेख मी मराठीत करते आहे. पहिल्याच वाक्यात त्याला 'जर्नीमन' म्हटलंय, म्हणजे संघामागून संघ बदलत खेळलेला साधा खेळाडू, आणि तिथेच माझं अडलंय. आधी मी 'प्रवासी फुटबॉलपटू' लिहिलं. वाचून पाहिलं, तर एसटीची वाट बघत उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे आला. 'भटका' लिहिलं, तर त्याला घरदार नाही असं वाटायला लागलं. 'फिरस्ता' कानाला गोड आहे, पण फिरस्ता स्वतःच्या हौसेने फिरतो. हा माणूस पोटासाठी फिरला.

कारकीर्द थोडक्यात सांगते, म्हणजे शब्द कशावर बसवायचा ते कळेल. जन्म 1962 चा, इंग्लंडमधल्या केंट परगण्यातला. आयर्लंडकडून खेळला तो आईकडच्या आजोबांच्या नात्याने. आधी केस कापायचं काम करायचा आणि क्रॉकनहिल नावाच्या गावच्या संघातून खेळायचा. 1982 साली जिलिंगहम या क्लबने त्याला घेतलं, तेव्हा क्रॉकनहिलला पैशांऐवजी ट्रॅकसूट मिळाले अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. 1987 मध्ये मिलवॉल, 1990 मध्ये पंधरा लाख पौंडांना अॅस्टन व्हिला, 1991 मध्ये सेल्टिक. तिथे जमलं नाही, तेव्हा 1992 मध्ये टॉम बॉइड या खेळाडूच्या बदल्यात चेल्सीला. 1994 मध्ये फ्रान्समधलं मार्सेय, मग नान्सी, आणि अगदी शेवटी थोडे दिवस पॅरिसचं रेड स्टार. या सगळ्यात आयर्लंडकडून 88 सामने आणि 19 गोल.

एका शब्दात हे कसं पकडायचं?

प्रतिसाद 1

ताई, 'प्रवासी' खोडलंत हे फार बरं केलंत. या शब्दाचा प्रवासाशी थेट संबंधच नाही. फ्रेंचमध्ये 'झूर्ने' म्हणजे एक दिवस, किंवा एका दिवसाचं काम. युरोपातल्या कारागिरांच्या संघटनांत तीन पायऱ्या असत. पहिला शिकाऊ, वरचा उस्ताद, आणि या दोघांच्या मधला जर्नीमन. त्याची उमेदवारी संपलेली असते, हाताला काम येत असतं, पण स्वतःचं दुकान नसतं. म्हणून तो दुसऱ्याच्या दुकानात दिवसाच्या मजुरीवर राबतो. शब्दातला 'जर्नी' हा तो दिवस आहे.

आपल्याकडे 'रोज' या शब्दाने अगदी हीच वाट धरली. फारसीत रोज म्हणजे दिवस. आपण 'रोज भेटतो' म्हणतो आणि 'रोज किती देतोस?' असंही विचारतो. दुसऱ्या वाक्यात दिवसाची मजुरी झाली. रोजाने जाणं, रोजंदारी, रोजगार ही सगळी त्याचीच पिलावळ.

याहून मजेची जोडी म्हणजे 'मजल'. इंग्रजी 'जर्नी' मुळात एका दिवसात होणारी वाटचाल. आपली मजलही तीच, एका दिवसाची चाल. 'मजल दरमजल करत' म्हणतो तेव्हा मध्ये मुक्काम पडत असतात. म्हणजे जर्नीची मजल होते आणि जर्नीमनचा रोजंदार. मूळ एकच दिवस, पण दोन वेगळी माणसं त्यातून निघाली.

मैदानावर मात्र पुढे अर्थ सरकला. 'चांगलं काम करणारा, पण पहिल्या रांगेतला नव्हे' हा अर्थ आधी रुळला. 'पुष्कळ संघ बदललेला' ही छटा त्यावर नंतर चढली, आणि त्यात 'जर्नी'च्या आजच्या अर्थाचा हात असणारच. तेव्हा आपला शब्द निवडताना हात कसलेला, पण दुकान दुसऱ्याचं, ही पहिली गोष्ट सुटता कामा नये.

प्रतिसाद 2

'कसबी' चालेल का? कसबी विणकर, कसबी सुतार, तसा कसबी फुटबॉलपटू.

प्रश्नकर्तीचं उत्तर

दोन दिवस 'कसबी' लिहून ठेवला होता. पण कसब म्हटलं की नजाकत आली, आणि कॅस्करिनोकडे तीच नव्हती. उंचापुरा माणूस, गोल करायचा तो बहुधा डोक्याने.

1990 च्या विश्वचषकात 25 जूनला जेनोआत आयर्लंड आणि रुमानिया यांचा सामना शून्य-शून्यवर सुटला आणि पेनल्टीवर गेला. चौथी पेनल्टी याची. धावत आला, पण बूट चेंडूच्या आधी जमिनीला लागला. हिरवळीचं ढेकूळ उडालं, आणि चेंडू कसाबसा गोलरक्षकाच्या अंगाखालून सरपटत आत गेला. त्यानंतर आयर्लंडचा गोलरक्षक पॅकी बॉनर याने रुमानियाची पाचवी अडवली, डेव्हिड ओलिअरीने आयर्लंडची पाचवी मारली आणि आयर्लंड उपांत्यपूर्व फेरीत पोचलं. ओलिअरीची पेनल्टी सगळ्यांच्या लक्षात राहिली. मला मात्र ते ढेकूळ दिसतं. त्या फटक्याला कसबी म्हणवत नाही, आणि तरी मोजणीत तो गोलच आहे. असा माणूस सांगणारा शब्द मला हवाय.

प्रतिसाद 3

'शिलेदार' घ्या की. वर्तमानपत्रात 'संघाचे शिलेदार' रोज छापून येतं. आणि मूळ अर्थ पाहिलात तर याच्याइतका बसणारा दुसरा शब्द नाही. मराठ्यांच्या घोडदळात बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला यायचा. आज या सरदाराकडे, उद्या त्या. आपली हत्यारं काखोटीला मारून आज मिलवॉल, उद्या मार्सेय!

प्रतिसाद 1

मूळ अर्थ बिनतोड बसतो, कबूल. पण आजचा वाचक शिलेदार म्हटल्यावर काय समजतो? भरवशाचा, संघाचा खांब, संघासाठी जीव टाकणारा. म्हणजे हा शब्द बरोब्बर उलट्या तोंडाला फिरलाय. लेखाच्या पहिल्या वाक्यात तो आला, तर ज्या माणसाला चेल्सीने दोन वर्षांनी मोकळं केलं, तो तिथला खांब होता असं वाचलं जाईल. शब्दाचा इतिहास खरा असला, तरी वाचकाला तो प्रत्येक वेळी समजावत बसता येत नाही.

प्रतिसाद 4, कोल्हापूरहून

मी लहानपणापासून शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून फुटबॉल बघतोय. आमच्याकडे संघ तालमींचे आणि पेठांचे, त्यामुळे माणूस कुठला आणि कुणाकडून खेळतो हा आमच्या जिव्हाळ्याचा विषय. म्हणून एक शब्द सुचवतो, जो तुमच्यापैकी कुणीच काढला नाही : गडी.

कबड्डीत गडी, खो-खोत गडी, क्रिकेटमध्ये 'चार गडी बाद'. खेळणारा तो गडी. आणि घरी, शेतावर कामाला ठेवलेला माणूसही गडीच. सालगडी पाडव्याला ठरतो, वर्षाचं बोलणं होतं. पुढच्या पाडव्याला त्याच मालकाकडे राहील किंवा दुसऱ्या शिवारात जाईल. फुटबॉलपटूचा करार याहून काय वेगळा असतो? खेळाडू आणि कामाला ठेवलेला माणूस हे दोघे इंग्रजीत एकत्र आणायला 'जर्नीमन' लागतो. मराठीत ते आधीपासून एकाच शब्दात नांदतायत. त्याच्या मागे 'कसलेला' लावा. कसलेली जमीन असते, कसलेला पैलवान असतो. कसलेला म्हणजे वापरून, राबून तयार झालेला. नजाकतीचा तिथे प्रश्नच येत नाही.

'बारा गावचं पाणी प्यालेला' असंही मनात आलं होतं, कारण क्रॉकनहिल सोडून संघ मोजले तर आठ भरतात. पण त्यात माणूस बेरकी असल्याची छटा येते. त्याच्याविषयी तसं म्हणणं अन्यायाचं होईल.

प्रतिसाद 2

मग रॉबी कीनलाही कसलेला गडी म्हणायचं का? तोही आयर्लंडचाच. वुल्व्ज, कॉव्हेंट्री, इंटर मिलान, लीड्स, टॉटनहॅम, लिव्हरपूल, परत टॉटनहॅम, मध्ये काही महिने सेल्टिक आणि वेस्ट हॅम, मग लॉस एंजेलिस, आणि शेवटी आपल्या कोलकात्यात एटीके. कॅस्करिनोपेक्षा जास्तच फिरला.

प्रतिसाद 1

नाही, आणि या उदाहरणाने माझं आधीचं म्हणणं पक्कं होतं. कीनचे आयर्लंडसाठी 146 सामन्यांत 68 गोल आहेत. तो उस्तादच. उस्ताद दहा दुकानांत बसला तरी जर्नीमन होत नाही. नुसते संघ मोजून हा शब्द लावला तर तो चुकीच्या माणसाला जाऊन चिकटतो.

प्रश्नकर्तीचं उत्तर

'गडी' वाचून मी थांबलेच. घरात कामाला येणाऱ्या माणसाला गडी म्हणू नये असं आम्हाला लहानपणी शिकवलं होतं, म्हणून हा शब्द हाताशी असून मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मैदानावर मात्र त्याला कमीपणा नाही, उलट आपुलकी आहे.

मला शंका एकच होती. मार्सेयमध्ये तो फक्त कामापुरता गडी नव्हता. लाचखोरीच्या प्रकरणात क्लबला दुसऱ्या श्रेणीत ढकललं होतं, आणि वर्षापूर्वी युरोपचा विजेता असलेला संघ पार मोडला होता. तिथे वयाच्या बत्तिशीत गेलेल्या या माणसाने दोन हंगामांत साठाच्या आसपास गोल केले. लोकांनी त्याचं नावच 'टोनी गोल' पाडलं. तिथे तो उस्तादच झाला. पण आत्मचरित्रात त्याने स्वतःबद्दल लिहिलंय ते वेगळंच आहे. चेंडू पायाशी आला की आपल्या डोक्यात एक आवाज 'तुला जमणार नाही' म्हणत राहायचा, असं तो मोकळेपणाने सांगतो. तो आवाज ऐकत ऐकत तो 1999 च्या नोव्हेंबरपर्यंत, सदतिसाव्या वर्षी तुर्कस्तानात बुर्सा इथे शेवटचा सामना खेळेपर्यंत, आयर्लंडसाठी उभा राहिला. म्हणून मार्सेयच्या परिच्छेदात मी 'गडी' वापरणार नाही. तिथे 'टोनी गोल' आहे तसंच ठेवते.

पहिलं वाक्य आता असं झालंय, बघा कसं वाटतं :

'टोनी कॅस्करिनो हा फुटबॉलमधला कसलेला गडी. ज्याने बोलावलं त्याच्या मैदानावर तो राबला, आणि मालक बदलला तसा बूट पिशवीत टाकून पुढच्या गावाला गेला.'

प्रतिसाद 4, कोल्हापूरहून

वाक्य झकास. फक्त 'गावाला'च्या जागी 'पेठेला' करायचा मोह होतोय, पण ते आमच्यापुरतं. गावच राहू द्या.