पगाराचं बोलणं: ऑफर आली तेव्हा तुम्ही काय मागितलंत?

नवी पेठेची लेक
सकाळी पोळ्या लाटत होते तेव्हा भाचीचा फोन आला. पुण्याच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलंय, सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. आवाज एकदम खालचा. "मावशी, थोडं जास्त मागितलं तर ऑफर काढून घेतील का गं?" संध्याकाळी बोलू म्हटलं तिला, आणि तव्यावरची पोळी करपली तरी माझं लक्ष नव्हतं.

१९९६ साल. बी.कॉम. झाल्या झाल्या सोलापुरात होटगी रोडच्या एका कारखान्यात हिशेबाची जागा होती. बाबा सोबत आलेले. मालकांनी विचारलं, पगाराची अपेक्षा काय? माझ्या मनात आकडा होता, १,५००. मैत्रिणींना विचारून, बसभाडं धरून काढलेला. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "तुम्ही द्याल ते. पोरगी घरी बसून तरी काय करणार." १,१०० ठरले. त्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावर एक मुलगा लागला, शिक्षण माझ्याएवढंच. दिवाळीत बोनसचा तक्ता मीच भरला तेव्हा कळलं, त्याला १,६००.

बाबांना हे कधी बोलले नाही. त्यांची मिल बंद पडून दोन वर्षं झाली होती. दारात आलेलं काम परत जाऊ नये एवढंच त्यांच्या डोक्यात. त्यांचा राग येत नाही. पण पुढची प्रत्येक वाढ त्या १,१०० वरच लागत गेली, आणि ते सात वर्षं पुरलं.

तुमचे अनुभव लिहा ना. काय मागितलं, काय मिळालं, काय मागायचं राहून गेलं. नोकरी कुठलीही असो. मी सगळं तिला वाचून दाखवणार आहे.

हुतात्माचा पासवाला
ताई आधी तिला विचारा, जो आकडा सांगतेय तो सीटीसी, म्हणजे कंपनीचा तिच्यावरचा वर्षाचा सगळा खर्च, की हातात येणारा. मला ४,८०,००० ची ऑफर होती. मी भागिले १२ केलं, ४० हजार, घरी पेढे वाटले. मग कागद उलगडला. त्यात ४८,००० व्हेरिएबल, म्हणजे वर्षाच्या शेवटी कंपनीला वाटलं तर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ महिना १,८०० तोही माझ्याच आकड्यात धरलेला. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, ती पाच वर्षं टिकलो तरच हातात. विम्याचा हप्ता ६,०००. मग माझा स्वतःचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. महिन्याला आले ३०,७००. कोणी फसवलं नव्हतं, सगळं लिहिलेलं होतं, मी विचारलं नाही. "महिन्याला खात्यात नक्की किती जमा होतील?" एवढं एक वाक्य मेलमध्ये लिहायला सांगा.

कडक भाकरी
बायकांना महिना २५,००० पर्यंत प्रोफेशनल टॅक्स लागत नाही महाराष्ट्रात. बघून घ्या, बऱ्याच ठिकाणी कापतात.

रात्रपाळी
मी नर्स आहे, ड्यूटीवर आहे, तुटक लिहिते. एका हॉस्पिटलमध्ये पगार चांगला होता पण मूळ मार्कशीट आणि नर्सिंग कौन्सिलचं सर्टिफिकेट जमा करा म्हणाले. नोकरी सोडताना परत देऊ. माझ्या बरोबरची एक मैत्रीण असंच देऊन अडकली होती, सरकारी भरतीच्या वेळी कागद नाहीत, रडून रडून डोळे सुजले तिचे. मी म्हटलं झेरॉक्स घ्या, मूळ बघून परत द्या. नाही म्हणाले. उठले. दुसरीकडं २,००० कमी मिळाले पण कागद माझ्या कपाटात आहेत. तिथं जाताना अजून एक लिहून घेतलं, महिन्यात सलग किती रात्री. बेल वाजली, येते

पूर्व भागातला
आमच्या घरी ऑफर लेटर म्हणजे उचल.
बाबा चादरीच्या कारखान्यात विणकर. पगार पिसावर, म्हणजे जेवढे नग विणले तेवढे पैसे. कारखाना बदलायचा तर नवा मालक उचल द्यायचा, त्यातनं जुन्या मालकाची बाकी फेडायची, मग इकडं कामाला उभं राहायचं. ती बाकी फिटेपर्यंत हलायचं नाही. लहानपणी मी बाबांबरोबर जायचो अशा बोलण्याला. बाबा दरावर कमीच बोलायचे, दर सगळीकडं उन्नीस-बीस. ते आधी आत जाऊन माग बघायचे. मला कुठले माग देणार? सूत कसलं आहे? कारण सूत कच्चं असलं की धागा सारखा तुटतो, माग थांबतो, जोडत बसावं लागतं आणि जोडल्याचे पैसे कोणी देत नाही. दर दोन रुपये जास्त आणि माग खराब, तर शनिवारी हातात कमीच. आणि दुसरा प्रश्न, बीम, म्हणजे मागावरचा ताण्याच्या सुताचा रूळ, संपल्यावर पुढचं बीम चढेपर्यंत बसून राहिलो तर त्या दिवसाचं काय? यावर मालक हसायचे. बाबा हसायचे नाहीत. एका मालकाने शेवटी दिवसाचा खाडा अर्धा धरतो म्हणून कबूल केलं होतं, तिथं बाबा अकरा वर्षं राहिले.

२०१९ ला मला ऑफर आली तेव्हा त्यात दोन वर्षांचा बाँड, सोडलं तर दोन लाख भरा. मी बाबांना मराठीत समजावून सांगितलं. ते म्हणाले, "ही उचलच आहे की. पण पैसे कुठायत?" म्हणजे उचलीत निदान पैसे आधी हातात येतात, इथं काहीच न देता बांधून घेतायत. ते वाक्य मी तसंच्या तसं नाही पण सभ्य भाषेत मेलमध्ये लिहिलं. प्रशिक्षणावर तुमचा खर्च किती होणार तेवढाच आकडा ठेवा म्हटलं. दोन वर्षांचं एक झालं, दोन लाखाचे साठ हजार झाले. बाबांचे मागावरचे प्रश्न पण विचारले, वेगळ्या शब्दांत: कुठल्या टीमला जाणार, प्रोजेक्ट नसेल त्या काळात पगार पूर्ण का?

सातरस्ता
लै भारी लिहिलंय दादा. दोनदा वाचलं.

विड्यांची टोपली
माझी आई विड्या वळायची. मजुरी हजार विड्यांवर, ते युनियन आणि मालकांचं ठरायचं, बाईनं एकटीनं बोलायचं नसायचंच. पण छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, किती काढायची ते तिथं काउंटरवर बसलेल्या माणसाच्या हातात. आई त्याच्याशी दर आठवड्याला तेलुगूत भांडायची. ही विडी का काढली, दाखव मला. शेजारणी म्हणायच्या जाऊ दे गं. ती म्हणायची आज चार गेल्या तर उद्या चाळीस. मी आज शिक्षिका आहे, मानधन वेळेवर येत नाही तेव्हा प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभी राहते आणि तिचा आवाज कानात असतो.

गड्ड्याची वाट
माझा मुद्दा पैशाचा नाही. आमच्या घरात सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच काठी, पेलायचा मान आहे, आजोबांपासून. जॉइनिंग १० जानेवारी लिहून आली. म्हणजे १३ चं तैलाभिषेक नाही, १४ ची अक्षता नाही, काहीच नाही. घरात कोणी जेवलं नाही त्या दिवशी. मित्र म्हणाला नवीन नोकरीत पहिल्या दिवशी सुट्टी मागतोस का बे? मी सुट्टी मागितलीच नाही, तारीख मागितली. फोन करून सांगितलं की सिद्धेश्वराची यात्रा आहे, सात नंदीध्वजांपैकी एकाला आमचा खांदा असतो, २० ला येतो. त्या बाई म्हणाल्या, "बरं, २० करते." पंधरा सेकंदं. मी आठवडाभर झोपलो नव्हतो.

हुतात्माचा पासवाला
@गड्ड्याची वाट काठी सरावाला कधीपासून येता? माझा चुलतभाऊ पण असतो

गड्ड्याची वाट
दिवाळीनंतर. या की एकदा, ओळख काढू.

एकटा पंखा
माझं वाईट झालं, तरी लिहितो, कारण ताईंच्या भाचीला हेही कळायला हवं. ऑफर मेलवर होती. मी ५,००० वाढवून मागितले, पुण्यात खोलीचं डिपॉझिट, मेस, सगळं धरून. फोनवर "हो हो, करून देतो, नवीन लेटर पाठवतो." मी त्या हो वर इथल्या नोकरीचा राजीनामा दिला. लेटर आलं नाही. फोन उचलेनात. दहाव्या दिवशी कळवलं की जागाच रद्द झाली. चार महिने घरी होतो. वडील काही बोलायचे नाहीत, सकाळी चहा घेऊन माझ्या खोलीत येऊन बसायचे. मागितलं म्हणून गेली असं मला वाटत राहिलं. आता वाटत नाही. पण सुधारलेलं लेटर हातात येईपर्यंत इकडचा राजीनामा द्यायचा नव्हता.

विड्यांची टोपली
वाचून पोटात कालवलं रे. आता कुठं आहेस?

एकटा पंखा
आता बरंय ताई. चिंचोळी एमआयडीसीत आहे, घरचं जेवण आहे. या वेळी लेटर घेऊनच सही केली.

माहेर जुळे सोलापूर
मी एचआरमध्ये आहे, पुण्यात. एकटा पंखा यांच्याशी जे झालं ते चूकच, आमच्या बाजूच्या लोकांनी लाज बाळगावी असं. पण भाचीला सांगा, एकदा नीट मागितलं म्हणून मी आजवर कोणाची ऑफर थांबवलेली नाही. थांबते कधी, तर सध्याचा पगार खोटा सांगितला आणि स्लिपमध्ये पकडलं गेलं तेव्हा. किंवा आज पगार, उद्या तारीख, परवा लॅपटॉप असं चार दिवस चाललं की मॅनेजर वैतागतो. सगळं एकाच मेलमध्ये लिहायचं, सर्वांत महत्त्वाचं वर. फ्रेशरच्या जागेला पगाराचा पट्टा अरुंद असतो, तिथं फार हलत नाही. हलतं ते बाकीचं. जॉइनिंगची तारीख, सुरुवातीचे पंधरा दिवस राहायची सोय, रात्री उशीर झाला तर गाडी, बाँडचा आकडा, प्रोबेशनमधला नोटीस पिरियड. आणि "बघू, नंतर करून देऊ" हे उत्तर धरूच नका. नव्या श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात, नियुक्तिपत्र देणं कंपनीला बंधनकारक आहे. जे बोललं ते त्या कागदात दिसलं पाहिजे.
मुली आकडा सांगताना "चालेल का सर" जोडतात. तेवढं काढून टाकायला सांगा तिला.

कडक भाकरी
पुण्यात ३० हजार म्हणजे सोलापुरात १८ धरा. कॉट बेसिस म्हणजे नुसत्या खाटेचं भाडं, मेस, शनिवार-रविवार गावी येणं. माझा मुलगा इथंच राहिला, आम्हाला बरं वाटतं, त्याला वाटतं का ते माहीत नाही.

सातरस्ता
इथं राहून पाणी पाच दिवसाआड. तुमच्याकडं कितीवर आलंय?

कडक भाकरी
आमच्याकडं चौथ्या दिवशी. काल रात्री दोनला आलं, झोप झाली नाही. होटगी रोडला?

सातरस्ता
पाचव्याच. मोटार लावली तरी धार नाही.

रात्रपाळी
राउंड संपला. ताई, भाचीचं लग्न ठरलेलं असेल किंवा व्हायचं असेल तर मुलाखतीत विचारतात, मूल कधी. उत्तर द्यायला ती बांधील नाही. मला विचारलं होतं. मी म्हटलं ते घरचं आहे, ड्यूटीचं विचारा. बाळंतपणाची रजा पगारी २६ आठवडे आहे, आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. हे मागायचं नसतं, ते आहेच.

नवी पेठेची लेक
सगळ्यांचं काल रात्री फोनवर वाचून दाखवलं. उचलीचं तिनं दोनदा वाचायला लावलं. बाँड तिलाही आहे, दीड वर्षाचा, ते तिनं मला सांगितलंच नव्हतं.

मेल तिनंच लिहिला. मी फक्त "चालेल का सर" शोधत होते, एका ठिकाणी सापडलं, तिनं काढलं. आज दुपारी उत्तर आलं. पगारात वर्षाला १८,००० वाढले, तिनं ३६,००० मागितले होते. बाँडची मुदत तीच राहिली, रक्कम निम्मी झाली. रात्री आठनंतर गाडी, लेखी. एकटा पंखा, तिनं इथला राजीनामा अजून दिलेला नाही, तुमचं नाव घेऊन सांगितलं तिनं.

मग बाबांना सांगायला गेले. ८१ वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, मोठ्यानं सांगावं लागलं. "तिनं मागितले?" हो म्हटलं. "आणि दिले त्यांनी?" अर्धे दिले म्हटलं. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तेव्हा तुला किती हवे होते?"
१,५०० म्हटलं.

विड्यांची टोपली
वाचलं ताई. नळाला पाणी आलंय, भरून येते मग लिहिते