अत्याचाराच्या जखमेची कादंबरी अर्ध्यावर ठेवावी का?

कोरी पाटी (प्रश्न)

आमच्या वाचनगटात आम्ही सहाजणी आहोत आणि या महिन्यासाठी आम्ही हान्या यानागिहारा यांची ‘अ लिटल लाइफ’ ही २०१५ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी निवडली आहे. न्यूयॉर्कमधल्या चार मित्रांची म्हणून सुरू झालेली ही गोष्ट हळूहळू त्यांतल्या ज्यूडपाशी येऊन थांबते आणि मठात, मग मोटेलांत बालपणी त्याच्यावर झालेले लैंगिक अत्याचार एकामागून एक उघड होत जातात. सातशेहून अधिक पानांच्या या पुस्तकात मी निम्म्यावर आले आहे. ज्यूड स्वतःच्या हातांवर कापून घेतो ती वर्णने वाचताना पोटात कालवते, गेले आठ दिवस झोप नीट लागलेली नाही, आणि तरीही पुस्तक खाली ठेवले की त्या मुलाला तिथेच टाकून आल्यासारखे वाटते. माझ्या आयुष्यात असे काही घडलेले नाही. ज्यांनी ते सोसले त्यांच्याविषयी नुसते वाचणेही मला झेपू नये, याची लाज वाटते.

मी इथेच थांबले तर ते चूक ठरेल का? आणि अशा कादंबरीतले दुःख गरजेपोटी आले आहे की वाचकाला धरून ठेवण्यासाठी, हे तुम्ही कसे ओळखता? शेवट सांगितला तरी माझी हरकत नाही.

नदीकाठ

शेवट सांगतो आहे, त्यामुळे ज्यांना तो कळायला नको त्यांनी हा प्रतिसाद सोडून द्यावा. ज्यूड सावरत नाही. त्याचे जुने प्राध्यापक हॅरॉल्ड त्याला तिशीत दत्तक घेतात, चौघा मित्रांतल्या विलेमसारखा सोबती त्याला लाभतो, तरीही अखेरीस तो जीव देतो. कधीच बरे न होणारे पात्र लिहायचे होते, असे लेखिकेने मुलाखतींत सांगितलेले आहे आणि तो त्यांचा अधिकार मी मानतो. माझी तक्रार वेगळी आहे. मठातल्या ब्रदर ल्यूकनंतर त्याला डांबून ठेवणारा डॉक्टर ट्रेलर येतो, मोठेपणी मारहाण करणारा प्रियकर केलेब येतो. एका जखमेचा अर्थ लागण्याआधी दुसरी येऊन पडते आणि काही काळाने आपण त्या माणसाला समजून घेणे सोडून पुढचा घाव कुठून येईल याची वाट पाहू लागतो. स्वतःला असे वाट पाहताना पकडले, त्या दिवशी मी पुस्तक महिनाभर बाजूला ठेवले होते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला टोनी मॉरिसन यांच्या ‘द ब्लूएस्ट आय’ या १९७० सालच्या पहिल्याच कादंबरीत सापडले. ओहायोतल्या लोरेन गावची पकोला ही काळी मुलगी वडिलांच्याच अत्याचाराने गरोदर राहिली आहे, हे निवेदक क्लॉडिया अगदी सुरुवातीलाच सांगून टाकते. त्या शरद ऋतूत झेंडू उगवला नाही, एवढ्याच ओघात ते येते. काय घडले हे आधीच कळल्यामुळे उत्कंठेला जागाच उरत नाही. आपण सारा वेळ शेजाऱ्यांकडे, शाळेकडे, निळ्या डोळ्यांच्या बाहुल्यांकडे पाहत राहतो आणि या पोरीला वाचवायला एकही मोठे माणूस का उभे राहिले नाही, हे विचारत राहतो. अत्याचाराचा प्रसंग मात्र वडिलांच्या नजरेतून लिहिलेला आहे आणि मला तो आजही सहन होत नाही. पुढे १९९३ साली लिहिलेल्या उत्तरलेखात मॉरिसन यांनी स्वतःच कबूल केले आहे की, गोष्ट तुकड्यांत मोडून वाचकाला ती जुळवायला लावण्याचा आपला प्रयत्न पुरता साधला नाही. पुष्कळ वाचकांना वाईट वाटले, पण ते आतून हलले नाहीत. हे वाक्य मी प्रत्येक अशा पुस्तकाला लावून पाहतो.

पाऊलखुणा

मी समुपदेशक म्हणून काम करते, त्यामुळे आधी झोपेविषयी. आठ दिवस झोप उडाली असेल तर पुस्तक आज रात्रीच बंद करावे आणि पुन्हा उघडायचेच झाले तर दिवसा, कोणीतरी घरात असताना, ठरावीक पानेच वाचावीत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या १९९२ सालच्या आपल्या पुस्तकात आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले आहेत: आधी सुरक्षितता, मग स्मरण आणि शोक, आणि त्यानंतर माणसांशी पुन्हा नाते जोडणे. वाचकालाही हा क्रम लागू पडतो, असे माझे मत आहे. अस्वस्थता पुस्तक मिटल्यावरही आठवडाभर ओसरली नाही, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते.

नदीकाठ यांच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. कधीच बरे न होणारे पात्र लिहिणे हा लेखकाचा अधिकार असला, तरी माझ्यासमोर बसणाऱ्या माणसांपैकी कोणी ते वाचून ‘माझेही असेच होणार’ असा निकाल स्वतःवर काढील, याची मला खरोखर भीती वाटते. योग्य मदत मिळाली तर बरीच माणसे सावरतात, संसार करतात, हसतात. हे कादंबरीत येत नाही तेव्हा कोणीतरी ते बाहेरून सांगायला हवे.

नाव नको

मी लहानपणी यातून गेले आहे. त्याविषयी इथे अधिक लिहिणार नाही, परंतु पाऊलखुणाताईंना एक सांगावेसे वाटते. ज्यूड उकाड्यातही लांब बाह्यांचे कपडे घालतो, मित्रांनी विचारले की विषय बदलतो, आणि प्रेम मिळाल्यानेही त्याची स्वतःविषयीची घृणा जात नाही. ‘आता विसर, पुढे बघ’ असे न म्हणणारे पुस्तक मला प्रथमच भेटले होते. शेवट मला पटला नाही आणि तो मी माझा मानलाही नाही. तुमची भीती मात्र खरी आहे, कारण विसाव्या वर्षी मी हे वाचले असते तर काय झाले असते, ते सांगता येत नाही.

मला सर्वांत खरे वाटले ते अरुंधती रॉय यांच्या ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’मधले काही पानांचे प्रकरण. चित्रपटगृहातला पेये विकणारा माणूस सात वर्षांच्या एस्थाला वापरतो. नंतर एस्था आपला चिकट हात अंगापासून दूर धरून उभा राहतो आणि तोच माणूस आईशी गोडीने बोलत असतो. आईला काहीच ठाऊक नसते. आमच्या घरी दिवाळीला मला एका माणसाच्या पाया पडायला लावत असत, म्हणून ते पान वाचताना मी थरथरले होते. पुढे कादंबरीभर त्या प्रसंगाचे वर्णन वाढत नाही, भीती तेवढी वाढत जाते. तो माणूस आपल्या घरापर्यंत येईल, या धास्तीनेच पोर नदीपलीकडे जायची तयारी करते. आघात असाच राहतो, ताई. नंतरच्या साध्या साध्या निर्णयांत.

कोरी पाटी, तुम्ही वाचून कोणाचे ऋण फेडत नाही आहात. थांबलात तर ज्यूडचे किंवा माझे काही बिघडत नाही. एखादी भाची वा शेजारची मुलगी कोणाच्या मांडीवर बसायला नको म्हणाली, तर तिला आग्रह करू नका आणि कारण शांतपणे ऐका. मला तेवढे हवे होते.

कोरी पाटी

तिघांचेही मनापासून आभार. पुस्तक काल रात्रीच कपाटात ठेवले आणि गटातल्या मैत्रिणींना तसे कळवले, तेव्हा आणखी दोघींनी आपणही झोपेविना वाचत होतो असे सांगितले. येत्या बैठकीत पूर्ण कादंबरीऐवजी वाचून झालेल्या भागावरच बोलायचे आणि ज्यांना बोलायचे नाही त्यांना आग्रह करायचा नाही, असे ठरले आहे. नदीकाठ, ‘द ब्लूएस्ट आय’ची १९९३ च्या उत्तरलेखासहची आवृत्ती मी शोधते आहे, तो प्रसंग कोणत्या ऋतूच्या भागात येतो, ते सांगाल का? म्हणजे तेवढा भाग दिवसा वाचीन.

नदीकाठ

‘वसंत’ या भागात येतो. त्याआधी वडिलांच्या स्वतःच्या बालपणाची दीर्घ हकीकत आहे, ती सुरू झाली की समजा.