हवेत फक्त ०.०४ टक्के असलेला वायू अख्खी पृथ्वी कशी काय तापवतो?

कुतूहल:
मुलगी नववीत आहे, तिला ग्रीनहाउस इफेक्ट समजावताना मीच अडकले. नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१ आणि कार्बन डायऑक्साइड ०.०४. ती म्हणाली आई, दहा हजार रेणूंमधले चार, ते काय तापवणार? मला खरंच उत्तर देता आलं नाही. आणि हवामान तर पूर्वीही बदलायचंच ना, मग हे सूर्यामुळे नाही कशावरून? प्लीज "शास्त्रज्ञ म्हणतात म्हणून" असं नको, कारण सांगा.

ढगवेडा:
लेकीचा प्रश्न अगदी रास्त आहे. गोम अशी की उरलेली ९९ टक्के हवा या कामात नसतेच. उन्हानं जमीन तापते आणि ती उष्णता इन्फ्रारेड म्हणून वर सोडते, म्हणजे डोळ्याला न दिसणारा उजेडच. नायट्रोजन, ऑक्सिजनच्या रेणूत दोन सारखेच अणू, त्यांच्यातून हे इन्फ्रारेड जवळपास सगळं आरपार जातं. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत तीन अणू, तो वाकतो, थरथरतो आणि १५ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचं इन्फ्रारेड नेमकं पकडतो, मग ती ऊर्जा आजूबाजूच्या हवेला मिळते आणि थोडी परत खाली जमिनीकडे येते. पाण्याची वाफही हेच करते. हे वायू नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान आत्ताच्या साधारण १५ ऐवजी उणे १८ अंश असतं! तिला एक अनुभव आठवायला सांगा, आकाश निरभ्र असलं की पहाटे कशी हुडहुडी भरते आणि ढगाळ रात्री तेवढा गारठा नसतो, कारण ढगही जमिनीची उष्णता अडवतात. आणि हे आजचं नाही हो, युनिस फूट या बाईंनी १८५६ मध्ये काचेच्या नळकांड्यात हा वायू भरून उन्हात ठेवला, तो साध्या हवेपेक्षा जास्त तापला आणि सावलीत आणल्यावर निवायलाही कितीतरी जास्त वेळ लागला. जॉन टिंडल या शास्त्रज्ञांनी १८५९ पासून इन्फ्रारेड अडतं हे मोजूनच दाखवलं.

प्रयोगवही:
सूर्याबद्दल मी सांगतो, हा माझा आवडता पुरावा आहे. १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजताहेत, ११ वर्षांचं चढउताराचं चक्र दिसतं पण चढती रेघ नाही. आणि सूर्य जास्त तापला असता तर हवा खालपासून वरपर्यंत तापायला हवी होती. प्रत्यक्षात खालची हवा तापतेय आणि स्ट्रॅटोस्फिअर म्हणजे त्याच्या वरचा हवेचा थर गार होतोय, त्यात ओझोन घटल्याचाही वाटा आहे पण त्याच्या वरच्या भागात मुख्य कारण कार्बन डायऑक्साइडच. मनाबे आणि वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी १९६७ मध्येच गणितानं हे सांगून ठेवलं होतं, तेव्हा मोजायला धड उपग्रहही नव्हते, मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता. (मनाबेंना २०२१ मध्ये नोबेल मिळालं.)

पूर्वी बदलायचं हे खरंय, पण वेग बघा. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासले तर ८ लाख वर्षांत हा वायू दहा लाखांत साधारण १८० ते ३०० भाग एवढाच खालीवर झालाय, त्यालाही हजारो वर्षं लागायची. कारखाने सुरू व्हायच्या आधी २८० होता, आता ४२० च्या वर. आणि हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१३ चं (कार्बनच्या जरा जड प्रकाराचं) प्रमाण घटतंय, दगडी कोळसा आणि तेलात तो कमी असतो, म्हणून ते जळलं की नेमकं असंच होतं.

कुतूहल:
बापरे, एवढं नीट कोणी सांगितलंच नव्हतं. थँक्यू दोघांना! ती शेजारीच बसलीये, विचारतेय की उद्या धूर सोडणं पूर्ण बंद केलं तर लगेच थंड होईल का?

ढगवेडा:
लगेच नाही, तापमान वाढायचं साधारण थांबेल पण खाली यायला फार काळ लागेल, कारण हवेतल्या जादा वायूचा काही भाग हजारो वर्षं तसाच राहतो. आणि जास्तीच्या उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्रानं पोटात घेतलीये, ती हळूहळू खोल पाण्यात उतरतेय आणि पाणी तापलं की फुगतं, त्यामुळे समुद्राची पातळी त्यानंतरही शेकडो वर्षं वाढत राहील. ती किती वाढेल हे मात्र आपण आत्ता किती सोडतो त्यावर आहे, तिला हे नक्की सांगा.