उपग्रह मार्गदर्शन, दिक्चालन की स्थाननिश्चिती?

प्रश्न : 'सॅटेलाइट नॅव्हिगेशन'साठी मी लेखात 'उपग्रह मार्गदर्शन' वापरलं. एकाने सुचवलं, सरळ 'जीपीएस' लिहा. काय योग्य?

प्रतिसाद : सरसकट जीपीएस नको. ते अमेरिकेच्या एका यंत्रणेचं नाव. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू वेगळ्या. शिवाय जीपीएस पहिलंही नव्हे.

ऑक्टोबर १९५७ मध्ये पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक उडाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गायर आणि वायफेनबाख हे संशोधक त्याचे बीप ऐकत बसले. उपग्रह जवळ येताना स्वर चढा, लांब जाताना उतरता. त्या चढउतारावरून त्यांनी त्याची कक्षा काढली. त्यांचे वरिष्ठ मॅक्लूर यांनी प्रश्नच उलटा केला : कक्षा ठाऊक असेल, तर ऐकणारा कुठे आहे ते काढता येईल का? त्यातून 'ट्रान्झिट' ही उपग्रह यंत्रणा आली. १९६४ पासून अमेरिकी पाणबुड्या तिच्यावरून आपली जागा ठरवू लागल्या. जीपीएसची आखणी १९७३ची, पूर्ण क्षमतेने सुरू व्हायला १९९५ उजाडलं.

आता तुमचा शब्द. उपग्रह मार्ग दाखवतच नाही हो! तो एवढंच सांगतो, की मी अमुक जागी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत. संदेश पोचायला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून जागा कळते. चौथा लागतो तो फोनच्या कच्च्या घड्याळातला फरक काढायला. कुठे वळायचं ते फोनमधला नकाशा ठरवतो. म्हणून माझं मत 'उपग्रह स्थाननिश्चिती'ला.

दुसरा प्रतिसाद : 'दिक्चालन' (दिशा ठरवत वाहन नेणं) का नको? जहाज, विमान यांच्या संदर्भात तोच बसतो. नॅव्हिगेशनच्या मुळाशी नौकाच आहे. त्यातला लॅटिन 'नाविस' आणि आपला 'नौ' एकाच कुळातले. इस्रोच्या यंत्रणेला २०१६ मध्ये 'नाविक' (नॅव्हिगेशन विथ इंडियन कॉन्स्टेलेशन) नाव मिळालं. आद्याक्षरं इंग्रजी, शब्द अस्सल आपला. असा योग क्वचितच जुळतो.

प्रश्नकर्ता : स्थाननिश्चिती पटलं. पण लोक 'जीपीएस लाव' म्हणतात, त्याचं काय?

प्रतिसाद : बोलण्यात चालू द्या की. 'जीपीएसने त्याचा ठावठिकाणा कळवला' हे मात्र लिहू नका. जीपीएसचा संच फक्त ऐकतो, उपग्रहाला उलट काहीच धाडत नाही. ठावठिकाणा कळवतं ते मोबाइलचं नेटवर्क.