तोरणमाळच्या पावसात पॅंट आणि कपड्यांचे थर कोणते असावेत?

प्रश्न (शहादा): ऑगस्टमध्ये पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या मागांच्या नोंदी घेण्यासाठी आम्ही तोरणमाळच्या जंगलात दोन दिवस चालणार आहोत. गेल्या वर्षी भिजलेल्या जीन्सने माझ्या मांड्या सोलवटल्या आणि पठारावर वारा सुटताच दातखीळ बसायची वेळ आली. यंदा रेनपॅंट घ्यावी का?

उत्तर (धुळे): चढणीवर रेनपॅंट घालू नये, कारण आतला घाम बाहेर पडत नाही आणि पावसाने नाही तरी घामाने माणूस भिजतोच. पातळ नायलॉनची, गुडघ्याशी सैल पॅंट भिजू द्यावी. पाऊस उघडला की ती अंगावरच वाळते. रेनपॅंट मात्र पिशवीत हवीच, कारण माथ्यावर तासभर स्तब्ध बसून निरीक्षण करताना खरी थंडी तेव्हाच वाजते. सुती बनियन घरीच ठेवावे, ते पाणी धरून ठेवते. अंगालगत पॉलिएस्टरचा सदरा आणि त्यावर पातळ लोकरी स्वेटर पुरे, कारण लोकर ओली झाली तरी बरीच ऊब राखते. आपल्याकडचे मेंढपाळ भर पावसात घोंगडीची खोळ घेतात, ती उगीच नव्हे.

उत्तर (चोपडा): वरील मताशी सहमत आहे, फक्त फ्लीस (कृत्रिम धाग्याचे मऊ, लवदार उबदार कापड) टाळावे, त्यात कुसळे रुततात आणि एकेक उपटत बसावे लागते. रात्रीसाठी कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा आणि कितीही मोह झाला तरी तो दिवसा घालू नका.