एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) दुरुस्त करावा की नवा घ्यावा? सल्ला हवा

गिरगावकर: साडेचारशे वॅटचा सप्लाय, सात वर्षं जुना. आय-५ प्रोसेसर आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. सकाळी चार-पाचदा बटण दाबावं लागतं, एकदा चालू झाला की दिवसभर ठीक. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. लॅमिंग्टन रोडला कपॅसिटर बदलायचे ६०० सांगितले, नवा ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं रेटिंग) ३,०००. जाणकारांनी सांगावं.

तांब्याची तार: आधी बटण तपासा. त्याची वायर मदरबोर्डवरून काढा, त्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरने क्षणभर जोडा. लगेच चालू झाला तर बटणच गेलंय. नाही झाला तर पीसी बंद, मेन चालू ठेवून २४ पिनच्या कनेक्टरमागून जांभळी वायर (स्टँडबाय, म्हणजे पीसी बंद असतानाही चालू राहणारा व्होल्टेज) मल्टिमीटरने मोजा. ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत, आणि बटण दाबताना काटा कोसळता कामा नये. गार असताना अडतो आणि तापल्यावर चालतो, हे सुकलेल्या कपॅसिटरचं लक्षण. तापले की त्यांचा ईएसआर (आतला रोध) उतरतो. सप्लाय सुटा काढून त्याच कनेक्टरची हिरवी-काळी वायर जोडली आणि पंखा फिरला, यावर जाऊ नका, तेव्हा लोडच नसतो.

सोल्डर६०४०: कपॅसिटरच निघाले तर नवाच घ्या. ६०० रुपयांत फुगलेले दोन-तीन बदलून देतील. बाकीचे तितकेच म्हातारे. काही स्वस्त डिझाइनमध्ये फीडबॅकचा छोटा कपॅसिटर सुकला की स्टँडबायचा व्होल्टेज वर चढतो आणि मदरबोर्ड घेऊन जातो. दुरुस्ती परवडते ती नुसता पंखा गेला असेल तर, किंवा ब्रँडेड डेस्कटॉपचा वेगळ्या मापाचा सप्लाय असेल तर. घरी उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट, काही सप्लायमध्ये ४००च्या आसपासही, चार्ज राहतो. नवा मॉड्युलर (सुट्या केबलचा) घेतलात तर त्याच्याच केबल वापरा. जुनी केबल बसते, पण पिनांचा क्रम वेगळा असला तर हार्ड डिस्क जळते.

गिरगावकर: आणि झिणझिण्या?

तांब्याची तार: त्या नव्यानेही जाणार नाहीत. सप्लायच्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर साधारण ११५ व्होल्ट दिसतात. जुन्या चाळींत तीन पिनांचा सॉकेट असतो, मागे अर्थची वायरच नसते. फेज ते अर्थ मोजा, २३०च्या आसपास यायला हवेत. नसतील तर वायरमनकडून मीटरपासून अर्थ ओढून घ्या. सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ जोडून देतो म्हणाला तर करू देऊ नका. न्यूट्रल तुटली की अख्खं कॅबिनेट फेजवर येईल.