दगड झालेले जिवाणू? नव्हे, त्यांचं घर
स्ट्रोमॅटोलाइट या थरांवर थर चढून बनलेल्या खडकांना 'दगड झालेले जिवाणू' म्हटलं जातं, त्यात थोडी भर. बहुतेकदा त्यात जिवाणू उरलेलेच नसतात, उरतं ते त्यांचं बांधकाम. उथळ पाण्यात सायनोबॅक्टेरियांचा (सूर्यप्रकाशावर अन्न बनवणाऱ्या जिवाणूंचा) चिकट थर वाळूचे कण धरून ठेवतो. प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड वापरला गेला की चुनखडीही साचते. मग गाळाखाली गाडले जाऊ नये म्हणून जिवाणू प्रकाशाकडे वर सरकतात आणि नवा थर सुरू होतो. वेग वर्षाला जेमतेम अर्धा मिलिमीटर!

ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमध्ये ते आजही वाढतायत, कारण तिथलं पाणी समुद्राच्या साधारण दुप्पट खारट. हे थर चरून खाणाऱ्या गोगलगायींना ते फारसं मानवत नाही.

ग्रीनलंडच्या ३७० कोटी वर्षांच्या नमुन्यांबद्दल मात्र मी सावध राहीन. २०१६ साली ते सर्वांत जुने म्हणून जाहीर झाले, पण २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने ते आकार खडक दाबला-ताणला गेल्याने झाले असावेत असं दाखवलं. नुसते थर दिसले म्हणून जीवसृष्टी सिद्ध होत नाही, रसायनंही थर घडवतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारामधले सुमारे ३४८ कोटी वर्षांचे नमुने मला जास्त भरवशाचे वाटतात.